चार फेरीबोटी, नऊ घरं: नातेवाईक करत करत कोकण

पहिल्यांदा अशी सहल काढली तेव्हा आम्ही यादी केली ती किनाऱ्यांची. नातेवाईक काय, "वाटेत आहेतच की" म्हणून मधल्या जागांत कोंबले. चौथ्या दिवशी गुहागर तालुक्यात पावणेबाराला एका घरी पानं मांडली गेली. दीडला दुसऱ्या घरी "घासभर तरी" म्हणून पुन्हा बसलो. तीनला सासूबाईंच्या मामेबहिणीकडे पोचलो, तर मावशी मोदकांवर केळीचं पान झाकून, स्वतः न जेवता ओटीवर वाट बघत बसलेल्या. तिन्ही घरी नाही म्हणता आलं नाही. वेळणेश्वरचा समुद्र त्या दिवशी मी डोळे मिटून, गाडीत आडवी होऊन ऐकला.

त्यानंतर तीनदा गेलो, दर वेळी क्रम उलटा ठेवून: आधी माणसं, मग खाड्या, मग देखावे. कोकणात देखावे शोधायला लागत नाहीत, ते वाटेतच असतात. माणसं मात्र ठरवून गाठावी लागतात.

आधी वही, मग नकाशा

एका वहीत चार रकाने आखा: गाव, नातं कुणाकडून, घरात आता प्रत्यक्ष कोण राहतं, आणि फोन कुणाचा लागतो. गावापुढे तालुका लिहायलाच हवा. मुरूड रायगडात आहे आणि दापोली तालुक्यातही आहे. वेळास श्रीवर्धनकडे आहे आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यातही. नुसतं नाव टाकलंत तर मोबाइलचा नकाशा त्याला वाटेल त्या वेळासला नेतो. गावाखाली वाडी किंवा आळी लिहा, कारण शेवटचा अर्धा किलोमीटर नकाशा नाही, माणूस सांगतो, आणि तो विचारतो "कुठल्या आळीतले?"

तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. निम्मी घरं वर्षभर कुलूपबंद असतात, गणपतीला उघडतात. अशा घराची किल्ली कुणाकडे असते ते लिहून ठेवा. मूळ घर बघायची तुमची इच्छा त्या शेजाऱ्याच्या सवडीवर आहे.

फोन पंधरा दिवस आधी करा. दिवेलागणीनंतर, सात-साडेसातच्या सुमारास. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाशी बोला, त्यांच्या मुंबईच्या मुलाशी नव्हे. मुलगा "या की कधीही" म्हणतो, आणि रांधायचं असतं दुसऱ्याच कुणाला. जेवायला येताय की चहाला, हे त्यांनी विचारायच्या आत तुम्ही सांगायचं: "काकू, गुरुवारी चारला चहाला येतो. दुपारचं जेवण आत्यांकडे ठरलंय." दुसऱ्या घराचं नाव घेतलं की आग्रह थांबतो. दुसऱ्याच्या पानावरून पाहुणा उठवायला तिकडे कुणी धजत नाही.

दिवसाला दोनच घरं धरा, एक जेवणाचं आणि एक चहाचं. जेवणाच्या घराला तीन तास, चहाच्या घराला दीड. "पाच मिनिटं टेकतो" हा प्रकार कोकणात अस्तित्वात नाही. पाच मिनिटांत तर कोकम सरबताचे पेलेसुद्धा बाहेर येत नाहीत. आणि दुपारी दीड ते साडेतीन कुणाच्याही अंगणात गाडी नेऊ नका, ती झोपेची वेळ आहे.

भावकीचं सांगायला हवं. एकाच गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दोन बाजूंना दोन चुलत घरं आणि मध्ये तीस वर्षांचा अबोला, असं तुमच्याही यादीत असणार. तिथे दोन्हीकडे जा, मोठ्या घरी आधी, आणि फोनवर दोघांनाही तसं सांगा. तिकडे गेलात याचा राग येत नाही, लपवलंत याचा येतो. लपत तर काहीच नाही, तुमची गाडी फाट्यावर वळली तेव्हाच दोन्ही घरांना कळलेलं असतं.

किलोमीटर नव्हे, खाड्या मोजा

आता कागदावर एक उभी रेघ मारा आणि तिच्यावर उत्तरेकडून खाड्या आडव्या काढा: रेवदंड्याची कुंडलिका, दिघीची राजपुरी खाडी, बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री, भाट्याची काजळी, पूर्णगडची मुचकुंदी, जैतापूरची अर्जुना, विजयदुर्गची वाघोटण. वहीतलं प्रत्येक घर यांतल्या कुठल्यातरी दोन आडव्या रेघांच्या मधल्या पट्ट्यात बसतं. एका दिवसाची दोन घरं शक्यतो एकाच पट्ट्यात घ्या, फार तर एक खाडी ओलांडा.

याचं कारण सोपं आहे. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण पूल नसेल तिथे गाडीला आत चिपळूण किंवा महाडच्या बाजूला जाऊन महामार्ग धरून पुन्हा किनाऱ्याला यावं लागतं, आणि त्यात अर्धा दिवस जातो. गाड्या नेणाऱ्या फेरीबोटींनी हे काम हलकं केलं. गावात त्यांना जंगलजेट्टी म्हणतात. किनाऱ्याने उतरताना चार लागतात: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो धरली तर पाच. ती २०२० साली सुरू झाली आणि पनवेल-पेणची रांग वाचवते.

फेरीचं वेळापत्रक आदल्या दिवशी फोन करून विचारा. पावसाळी हवा, सुट्ट्यांची गर्दी, बोटीची दुरुस्ती, कशानेही ते हलतं. शेवटच्या फेरीच्या भरवशावर दिवस बांधू नका. आम्ही एकदा बांधला. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट खाडीच्या मध्यावर होती, आणि त्या रात्री पलीकडच्या घरी शिजलेला भात आम्ही दुसऱ्या दिवशी फोडणीचा करून खाल्ला. सुटे पैसे जवळ ठेवा. गाडी चढवताना किंवा उतरवताना रिव्हर्स घ्यावी लागू शकते. बोटीवरचा माणूस हात दाखवतो, त्याच्याकडेच बघा, मागच्या सीटवरून येणाऱ्या सूचनांकडे नको. गाडी लागली की हँडब्रेक ओढून खाली उतरा. त्या वीसेक मिनिटांच्या वाऱ्याने आदल्या घरचं जेवण जिरतं.

महिना कुठला

माझं मत: डिसेंबर अर्ध्यावर आला की फेब्रुवारी संपेपर्यंत. सकाळी गारवा, कलमांना मोहोर, आणि घरच्या माणसांना बसून बोलायला सवड. एप्रिल-मेमध्ये आंबे मिळतात हे खरं, पण कलमं असलेल्या घरी तेव्हा झेले (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठ्या) घेऊन माणसं झाडावर, पडवीत पेट्या आणि अंगणात टेम्पो. अशा वेळी गेलातच तर पेट्यांत गवत भरायला बसा, गप्पा तिथेच होतात. मार्चमध्ये ओले काजूगर मिळतात, आणि त्यांच्या उसळीसाठी मी बाकी सगळी गैरसोय सोसते. शिमग्याला पालखी घरी येते तो दिवस विचारून ठेवलात तर एका अंगणात अख्खी भावकी भेटते. गणपतीत रस्ते तुंबतात आणि घरात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा स्वतःच्या घरच्या गणपतीलाच जावं. जून-जुलैत मासेमारी बंद, घाटात दरडी, फेरीचा नेम नाही. हिरवं कोकण बघायचंच असेल तर सप्टेंबरअखेर निघा. आणि शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली असेल तर अलिबाग ते काशीद हा पट्टा टाळाच.

नऊ दिवस, असे

सातात होतं, पण मग घरं सहाच धरा.

पहिला दिवस मुरूड-जंजिऱ्यापर्यंत. वाटेत रेवदंडा आणि कोर्लईचा किल्ला. पुण्याहून येणारे ताम्हिणी उतरून माणगावमार्गे थेट दिघी-दिवेआगरला लागतात, त्यांचा हा दिवस वाचतो. जंजिरा आधी पाहिला असेल तर सोडा. राजपुरीहून शिडाची होडी, गर्दी, ऊन यांत अर्धा दिवस जातो.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव, आणि तिथली रोठा सुपारी घरी न्यायला सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. हरिहरेश्वरला देवळामागची प्रदक्षिणा समुद्राच्या कडेने, खडकांवरून आहे. ती फक्त ओहोटीला करायची. लाटा कातळावर आपटत असतील तर देवाला लांबून हात जोडा.

तिसरा दिवस बागमांडल्याहून वेसवीला. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव, आणि समुद्री कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारीनंतर इथूनच पाण्यात सोडतात. पिल्लं कधी बाहेर येतील ते कासवाच्या हाती, म्हणून त्यासाठी दिवस राखून ठेवू नका. दिसली तर दिसली. पुढे केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आणि संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव. मासे खाणाऱ्या घरी जाणार असाल तर इथे घेतलेली ताजी सुरमई ही सर्वांत मानाची भेट. न खाणाऱ्या घरी जाणार असाल तर डिकीत बर्फाचा डबासुद्धा नको. वास आधी पोचतो, तुम्ही मागून.

चौथा दिवस मी सर्वांत सावकाश घेते. दापोली तालुक्यातलं मुरूड, म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. मग आसूदला गाडी वर ठेवून सुपारीच्या बागांमधून, ओढ्यावरचा पूल ओलांडून, पायऱ्या चढून केशवराजाला जायचं. डोंगरातलं पाणी गोमुखातून पडतं ते प्यायचं. ज्येष्ठांना या पायऱ्या जड जातात. त्यांना खाली व्याघ्रेश्वराच्या देवळात बसवा; तिथे त्यांना बोलायला कुणीतरी मिळतंच. आमच्या सासूबाईंना तर तासाभरात एक नवीन नातं सापडलं, आणि वहीत दहावं घर आलं. दुपारनंतर दाभोळहून धोपावे, मुक्काम गुहागर.

पाचवा दिवस पूर्ण गुहागर तालुक्याला द्या. व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश ही पुष्कळ घराण्यांची दैवतं आहेत, त्यामुळे हा दिवस आपोआप नातेवाइकांचा होतो. कुलदैवताला जायचं असेल तर सकाळी लवकर, जेवणाच्या घराआधी. हेदवीच्या बामणघळीत मात्र भरतीलाच जा. अरुंद फटीत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला तिथे नुसती फट असते. कडेला उभं राहून फोटो काढू नका, शेवाळाने पाय सटकतो.

सहाव्या दिवशी तवसाळहून जयगड, मालगुंडला केशवसुतांचं घर, गणपतीपुळे, आणि आरे-वारेच्या चढावरून रत्नागिरी. हा पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता दिवस मावळताना घ्या, समुद्र सतत उजव्या हाताला राहतो. रत्नागिरीत टिळकांचं जन्मघर आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा हा राजा १८८५ साली पदच्युत झाला आणि १९१६ साली इथेच वारला. शहरात नातेवाइकांची संख्या मोठी असते, म्हणून युक्ती अशी: एकाच घरी सगळ्यांना संध्याकाळी बोलवायला सांगा. भेळ, आइसक्रीम तुम्ही न्या. पाच घरांचे पाच चहा वाचतात आणि त्यांनाही आपसांत भेटून महिने झालेले असतात.

सातवा दिवस पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, जैतापूर करत विजयदुर्ग-देवगड. आठवा कुणकेश्वर, आचरा, मालवण. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सकाळीच धरा. इथे बोली बदलते, आणि "कधी इलात?" विचारणाऱ्या घरी कोंबडी-वडे झाल्याशिवाय सुटका नाही. नववा दिवस परतीचा: कोल्हापूर-पुण्याकडे गगनबावडा किंवा आंबोली, मुंबईकडे महामार्ग. घाट चालू आहे का ते आदल्या रात्री यजमानांना विचारा, त्यांना एसटीवरून पक्कं माहीत असतं. या दिवशी एकही घर ठेवू नका.

भरती पंचांगातून

ही रीत आत्येसासूबाईंनी शिकवली आणि आजवर फसली नाही. कालनिर्णयात तिथी बघा, तिची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, मोजायचं प्रतिपदेपासून. दिवसा एक आणि रात्री एक अशा दोन भरत्या धरा, आणि दोन्हींमध्ये सहा तासांवर ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पाण्यात उतरायचं असेल तर गावातल्या माणसाला विचारूनच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. बामणघळीला ते उत्तम, पोहायला वाईट.

म्हणजे सहलीच्या वहीत प्रत्येक तारखेपुढे तिथी लिहायची आणि हरिहरेश्वर, बामणघळ त्यात बसवायचे. हेदवीचा दिवस अष्टमीला आला तर भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, जेवण मध्ये निवांत.

गाडीबद्दल थोडं

गाडी लहान असलेली बरी. किनाऱ्याचा रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, आणि वळणावर समोरून एसटी. एसटीला मागे जायला सांगू नका. मागची रुंद जागा तुम्ही येताना बघून ठेवायची आणि तिथपर्यंत मागे जायचं. वळणावर हॉर्न वाजवणं इथे असभ्यपणा नाही. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्या, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. रेंज जाते, म्हणून पत्ते वहीत हवेतच. गाडी वाळूत उतरवू नका. भरती कुणाला थांबत नाही, आणि दोरखंड घेऊन येणारा ट्रॅक्टरवाला पैसे योग्यच घेतो. नारळाच्या झाडाखाली गाडी लावू नका. हे सगळे सांगतात, आणि सगळे सावली बघून तिथेच लावतात. आमच्या बॉनेटवर त्याची खूण आहे. परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

डिकी: जाताना, येताना

आंबा, काजू, नारळाच्या घरी काय न्यायचं? तिथे मिळत नाही ते. हिवाळ्यात घाटावरची भाजी: मटार, गाजर, फ्लॉवर. द्राक्षं, स्ट्रॉबेरी. ज्वारीचं ताजं पीठ, बाकरवडी. वाचणाऱ्या घरी दोन दिवाळी अंक. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना चार्ज होणारी चांगली बॅटरी, आणि फोनवर विचारून त्यांची महिन्याची औषधं. ही भेट मला सर्वांत उपयोगाची वाटते. मिठाईचे खोके नकोत, निम्म्या घरांत मधुमेह आहे.

डिकीचा तिसरा हिस्सा जाताना रिकामा ठेवा. तिथे नारळ, आमसुलं, कुळीथ, लाल तांदूळ, फणसपोळी येऊन बसणार. नको म्हणू नका. मे महिन्यात पिका फणस दिलाच तर तो शेवटच्या घरचा घ्या, नाहीतर तीन दिवस काचा खाली करून प्रवास.

ओटीवर पाय ठेवल्यावर

पाय धुवायला पाणी दिलं तर धुवा. आधी देवाला नमस्कार, देवापुढे नारळ ठेवा, मग मोठ्यांच्या पाया पडा. सामान, मोबाइल, चार्जरची चौकशी नंतर. जेवताना पहिल्या वाढपाला अर्धंच घ्या. आग्रह दुसऱ्या-तिसऱ्याला होतो आणि तो पुरा करायला जागा लागते. मुक्काम शक्यतो गावातल्या घरगुती खोल्यांत करा, आणि कारण आधी फोनवर सांगून टाका: "पहाटे फेरी गाठायची आहे, तुमची झोप नको मोडायला." समोर बसून सांगितलंत तर तुमच्या गाद्या माडीवर पडल्याच म्हणून समजा.

विचारायचं काय, हेही ठरवून जा. घर कुणी बांधलं, बाव (विहीर) कधी खणली, कुठली आत्या कुठे दिली. कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो मागा, आणि तुमच्या पिढीची पानं दाखवून चुका सुधारून घ्या. भिंतीवरच्या जुन्या तसबिरींचे फोटो फोनवर काढा आणि त्यात कोण कोण आहे ते तिथेच, त्यांच्याच तोंडून, लिहून घ्या. आवाज टिपायचा असेल तर सांगून टिपा.

सातबाऱ्याचं नाव काढू नका. तुमची नुसती उत्सुकता असेल, पण मुंबई-पुण्याची गाडी येऊन कुणी "आपली हद्द कुठपर्यंत?" विचारलं की चहाचा कप हातातच राहतो. जमिनीचं काही असेलच तर त्यासाठी वेगळी फेरी करा, एकट्याने.

निघताना हळदीकुंकू होईल, ओटी भरतील, त्याला वीस मिनिटं धरा. "जातो" नाही, "येतो". फाट्यापर्यंत कुणी चालत पोचवायला येईल, त्यांच्यासाठी गाडी हळू ठेवा.

घरी आल्यावर

पोचल्याचा फोन प्रत्येक घरी, त्याच रात्री. पंधरा दिवसांत फोटो छापून पाठवा, मोबाइलवर नव्हे, कागदावर, मागे नावं लिहून.

राहता राहिले डबे. कुणी लोणच्याचा दिला, कुणी सांदणांचा, आणि तिसऱ्या दिवसापासून ते एकमेकांत मिसळतात. घेतानाच झाकणावर चिकटपट्टी लावून घराचं नाव लिहा. तिकडे जाणारं कुणी मिळालं की डबा त्याच्यासोबत परत, पण रिकामा नाही, चिवडा तरी घालून. आमच्याकडे एक पितळी कडीचा डबा सहा वर्षं पडून आहे, झाकणावर "सौ. इं." कोरलेलं. नऊही घरी विचारून झालं. प्रत्येकीने उलटून पाहिला, "आमचा नव्हे" म्हटलं, आणि जाताना त्यात काहीतरी भरून दिलं.